बोट टोचण्याआधी ऐकून घे

अरे, साखर निघाली म्हणून तोंड पाडून बसू नकोस. आपल्या घराण्यात ती काही नवी पाहुणी नाही, आणि घराण्याबाहेरही नाही. आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीचा निकाल २०२३ साली आला, त्यात भारतात दहा कोटींवर मधुमेही असल्याचं म्हटलंय. तेव्हा "मलाच का" हा प्रश्न रद्द.

नव्यानं साखर निघालेल्या माणसांचं मी एक बघत आले आहे. पहिल्या महिन्यात बोटांची चाळण करतात. चहाआधी एकदा, चहानंतर एकदा, पाहुणे आले की यंत्र कसं चालतं ते दाखवायला आणखी एकदा. वर्ष उलटलं की यंत्र कपाटात, पट्ट्यांची मुदत संपलेली, आणि "मला काहीच त्रास नाही" हे पालुपद सुरू. किती वेळा तपासायचं ते तुझ्या भीतीला विचारू नकोस. तू औषध कोणतं घेतोस आणि सध्या तुझे दिवस कसे चाललेत, यावर ते ठरतं. तुझ्या मावशीचं एवढंच म्हणणं आहे: टोचण्याआधी प्रश्न, टोचल्यावर नोंद. प्रश्न नसेल तर बोट कशाला दुखवतोस?

आता एकेक मंत्र सांगते. वहीत लिहून घेतलंस तर उत्तम, नाहीतर मी आहेच परत सांगायला.

१. तीन महिन्यांची साखर, म्हणजे ती एचबीएवनसी, सुरुवातीला दर तीन महिन्यांनी करायचीच — रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि तेवढ्यात रक्तात जी साखर फिरली ती तिला चिकटून राहते. महिन्याभरात पुन्हा केलीस तर निम्मा जुनाच हिशोब परत हाती येईल.

२. औषध बसलं, आकडा जागेवर राहिला, की वर्षातून दोनदा पुरे. औषध बदललं किंवा आकडा बिघडला, की परत तीन महिन्यांवर ये — दोनदाची सवलत कमवावी लागते, वयानं मिळत नाही.

३. तारखा सणांना बांधून टाक: संक्रांत, गुढीपाडवा, आषाढी, दसरा — अंतर साधारण तीन-तीन महिन्यांचंच पडतं. डॉक्टरांची तारीख माणूस विसरतो, पुरणपोळीची विसरत नाही.

४. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही — जेवून जा, दुपारी जा, ऑफिसातून येताना जा. "आज चहा झाला, उद्या बघू" ही सबब इथे चालणार नाही.

५. बहुतेकांना ७ च्या खाली ठेवायला सांगतात, पण आजोबांना तीच मोजपट्टी लावू नकोस — ऐंशीच्या माणसाची साखर फार खाली ओढली तर रात्री बाथरूमला उठताना चक्कर येते, आणि मोडलेला खुबा वाढलेल्या साखरेपेक्षा महागात पडतो. अशा वयाला डॉक्टर ८ पर्यंतही मोकळीक देतात.

६. आकड्याचा अर्थ पाठ कर: एचबीएवनसी ७ म्हणजे सरासरी साखर १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२ — म्हणून सकाळी रोज ११५ दिसत असूनही एचबीएवनसी ८ आली, तर लॅबवाल्याशी भांडायला जाऊ नकोस. ज्या वेळा तू कधी बघतच नाहीस, साखर नेमकी तिथे चढून बसलेली असते.

७. अंगात रक्त कमी असेल, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, डायलिसिस चालू असेल, नुकतं रक्त चढवलं असेल, तर डॉक्टरांना आधी सांग — अशा वेळी हा आकडा चकवतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, आणि पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला ते आपणहून सुचेलच असं नाही.

आता फास्टिंग आणि पीपी, म्हणजे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर. या दोन नावांनी आपल्याकडे जेवढा गोंधळ घातलाय तेवढा सत्यनारायणाच्या प्रसादावरूनही होत नसेल.

८. फास्टिंग म्हणजे किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नाही. बिनसाखरेचा चहासुद्धा नाही — दूध हे अन्नच आहे, कपात ओतलं म्हणून त्याचं पाणी होत नाही.

९. म्हणून चौदा-पंधरा तासही ताणू नकोस. रात्री वेळेवर जेव आणि सकाळी लॅब उघडली की पहिला नंबर धर — उपास लांबला की आकडाही खरा येत नाही, आणि औषधावरचा माणूस रांगेतच घामाघूम होतो.

१०. सकाळच्या नाश्त्याशी जोडलेली शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी लॅबमध्ये जाऊ नकोस — अन्न येवो न येवो, औषध आपलं काम सुरू करतं. डबा बरोबर ने, रक्त दे, मग औषध आणि पोहे. रात्रीचं लांब टिकणारं इन्सुलिन मात्र कधी घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेव, ते आपल्या मनानं चुकवायचं नसतं.

११. पीपीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, आंचवल्यापासून नव्हे — तुझ्यासारखा गप्पा मारत तासभर जेवणारा माणूस हात धुतल्यावर घड्याळ लावेल, तर तपासणी तिसऱ्या तासाला होईल आणि आकडा उगाच गुणी दिसेल.

१२. पीपीच्या दिवशी रोजचं जेवण जेव आणि रोजचं औषध घे. तुझे काका रिपोर्टच्या आधी चार दिवस भात बंद, कारल्याचा रस चालू, असा संन्यास घेत असत. पीपी झकास यायची, एचबीएवनसी मात्र सगळं घरादारासमोर मांडायची — ताट लपवलं तरी रक्त बोलतं.

१३. घरी रक्त न्यायला मुलगा येतो ना, त्याच्या हातातल्या नळ्यांची टोपणं बघायची सवय ठेव. शुगरसाठी राखाडी टोपणाची, एचबीएवनसीसाठी जांभळ्या टोपणाची — राखाडी नळीत फ्लोराइडची पूड असते, ती पेशींना आवरून धरते. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं तर पेशी नळीतही साखर खात बसतात, आणि दर तासाला आकडा पाच ते सात टक्क्यांनी उतरतो.

हे जरा नीट समजून घे, कारण ते कोणी सांगत नाही. तो बिचारा सकाळी सहाला निघतो. तुझ्याकडून जोशीकाकांकडे, तिथून चौथ्या मजल्यावर, मग सिग्नल, मग आणखी तीन घरं. लॅबमध्ये पोचेपर्यंत तीन तास सहज होतात. साध्या नळीत घेतलेलं १५० चं रक्त तेवढ्यात १२०-१३० दाखवायला लागतं, आणि तू इकडे पेढे वाटतोस. म्हणून रक्त घेतल्यावर त्यानं राखाडी नळी हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटी-सुलटी केली का तेही बघ. पूड तळाशी तशीच बसून राहिली तर तिचा काय उपयोग? त्याला चहा विचार, पण टोपणही बघ. यात अविश्वास नाही.

१४. लॅब सारखी बदलू नकोस — दोन लॅबचे आकडे थोडेफार वेगळे येतातच, मग साखर बदलली की लॅब बदलली ते कळत नाही.

आता घरचं यंत्र. आमच्या लहानपणी हे नव्हतं. माझ्या आजोबांसाठी न्हाणीघराच्या खिडकीत परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असायची. त्यात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं की आजीचा चेहरा उतरायचा. गंमत म्हणजे रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे विटकरी रंग दिसायचा तेव्हा फार उशीर झालेला असायचा, आणि साखर खाली गेली तर ती नळी काहीच सांगायची नाही. तुला पाच सेकंदांत आकडा मिळतो. त्याची कदर कर, पण त्याचं व्यसन लावून घेऊ नकोस.

१५. फक्त मेटफॉर्मिनवर असशील आणि एचबीएवनसी जागेवर असेल, तर रोज टोचायचं काही कारण नाही — एकट्या त्या गोळीनं साखर धोक्याइतकी खाली जाणं विरळा. रोज टोचून कळणार तेच. पट्ट्यांचे पैसे भाजीला लाव.

१६. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही चालू असेल तर आठवड्यातून काही वेळा बघ, आणि जेवण लांबलं किंवा कसंसंच झालं की लगेच बघ — या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढूनच घेतात, मग तू जेवलास की मीटिंगमध्ये अडकलास, त्यांना काय ठाऊक. गोळीचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरातलं नाव वाच. "ती पांढरी गोल" हे काही औषधाचं नाव नव्हे.

१७. रात्री एकदा इन्सुलिन घेणाऱ्यानं सकाळची उपाशीपोटीची साखर रोज बघावी — त्यावरच डोस वर-खाली करायचा असतो.

१८. जेवणागणिक इन्सुलिन घेणाऱ्यानं प्रत्येक जेवणाआधी आणि झोपण्याआधी बघावं. लहानपणापासून टाइप १ असलेली पोरं दिवसातून सहा ते दहा वेळाही टोचतात — त्यांना "किती गं टोचतेस" असं हळहळून विचारू नकोस. त्यांचा प्रत्येक डोस त्या आकड्यावर उभा असतो.

१९. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा एक आठवडा जोडीनं तपास. सोमवारी नाश्त्याआधी आणि नाश्त्याच्या पहिल्या घासानंतर दोन तासांनी. बुधवारी तसंच दुपारच्या जेवणाचं. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाचं — सहा पट्ट्यांत दिवसाचं कोणतं जेवण तुला नडतंय ते समोर येतं. रोज सकाळी एकच आकडा घेत बसलास तर तीस पट्ट्यांतही ते कळणार नाही. माझं विचारशील तर या सगळ्या यादीतला हा सगळ्यात कामाचा मंत्र आहे.

२०. जोडीत वजाबाकी कर, नुसता दुसरा आकडा बघून कपाळाला हात लावू नकोस. आधी १६० आणि नंतर १९०, तर जेवण गुणी, सुरुवातच चढी. आधी ११० आणि नंतर २३०, तर ताटातच घोळ आहे — दोन्हीचा इलाज वेगळा, आणि डॉक्टरांना हेच हवं असतं.

२१. साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, एवढं बहुतेकांना पुरतं. तुझं उद्दिष्ट मात्र तुझ्या डॉक्टरांकडून लिहून घे — शेजारच्या नानांची साखर नानांची.

२२. रात्री व्यवस्थित जेवूनही सकाळी साखर चढलेली दिसली, तर लगेच जेवण तोडू नकोस, एकदोन रात्री तीनच्या सुमाराला उठून बघ — पहाटे अंगातली संप्रेरकं जागी होतात आणि लिव्हर साखर सोडतं, जेवणाचा त्यात दोष नसतो. आणि तीनला साखर खालीच गेलेली दिसली तर प्रकरण वेगळं, ते दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांग.

२३. आमरस चालतो की नाही हे व्हॉट्सॲपला विचारू नकोस, एक लहान वाटी घे आणि आधी-नंतर तपास — प्रत्येकाचं अंग निराळं. गूळ, मध आणि काकवी यांनाही हाच न्याय. त्या काही साखरेच्या सोवळ्यातल्या बहिणी नाहीत, रक्तात सगळ्या सारख्याच.

२४. आकडा, तारीख, वेळ, जेवणाआधीचा की नंतरचा, आणि काही वेगळं घडलं असेल तर दोन शब्द: "बारशाला गेलो", "ताप", "जागरण". भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलंस तरी चालेल — लिहिला तो आकडा, ऐकला ती अफवा.

टोचायची पण एक रीत असते. तुम्ही पोरं फोन नीट पुसून घेता, पण बोट नाही.

२५. साबणानं हात धू आणि कोरडे कर, मगच टोच — आंबा चिरलेल्या किंवा पेढा मोडलेल्या बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि आकडा भलताच चढतो. घाबरून डॉक्टरांना फोन लावण्याआधी हात धुऊन परत एकदा बघ.

२६. स्पिरिट लावलंस तर ते पूर्ण वाळू दे — ओल्या बोटावर थेंब पसरतो आणि पातळ होतो.

२७. बोटाच्या टोकाला नको, कडेला टोच, आणि रोज बोट बदल — टोकाला नसा जास्त, दुखतं जास्त, आणि तेच बोट तुला मोबाइलवर फिरवायचं असतं.

२८. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून हलव, कोमट पाण्यात धर. बोट पिळू नकोस — पिळून रक्ताबरोबर अंगातलं पाणीही येतं, आणि मग आकडा कोणाचा ते कळत नाही.

२९. पट्टी काढली की डबीचं झाकण त्या क्षणी लाव. पट्ट्या शेगडीजवळ नको, गाडीत नको, फ्रिजमध्येही नको — त्या दमटपणाला आणि उष्णतेला फार नाजूक. कोकणातल्या आणि गोव्यातल्या श्रावणात उघडी राहिलेली डबी म्हणजे गेलीच समज.

३०. डबी उघडलीस त्या दिवशी तिच्यावर पेनानं तारीख घाल — बऱ्याच डब्यांची छापलेली मुदत वेगळी आणि उघडल्यानंतरची वेगळी असते. स्वस्तात पाच डब्या घेऊन ठेवू नकोस; महिन्याला चार पट्ट्या वापरणारा तू, दोन डब्यांतच मुदत संपेल.

३१. सुई ज्याची त्याची, नवराबायकोतही वाटून घ्यायची नाही, टोचणीचं पेनसुद्धा नाही — कावीळ ब अशीच एका बोटातून दुसऱ्या बोटात जाते. सोसायटीच्या फुकट शिबिरात बसलास तर तुझ्यासमोर नवी सुई फोडली का ते बघ, लाजू नकोस.

३२. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठव आणि झाकण घट्ट लावून वेगळ्या दे — कचरा हातानं निवडणाऱ्या बाईच्या बोटाचाही विचार कर.

३३. घरचं यंत्र आणि लॅब यांचा आकडा हुबेहूब जुळायलाच हवा असा हट्ट धरू नकोस. शंभराच्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असा यंत्रांचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे — लॅबवाला शिरेतलं रक्त घेतो, तू बोटातलं, आणि जेवणानंतर बोटातलं थोडं जास्तच दाखवतं. ताडून बघायचंच असेल तर फास्टिंगच्या वेळी, लॅबमध्येच, त्याच मिनिटाला बघ.

३४. एकामागून एक चार वेळा टोचून त्यातला आवडेल तो आकडा वहीत लिहू नकोस — तू हे करणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते.

३५. दंडावर चिकटवायचा सेन्सर परवडत असेल तर इन्सुलिनवाल्यांना तो वरदान आहे, आणि गोळ्यांवरच्या माणसानं वर्षातून एखादा लावला तरी पुष्कळ शिकायला मिळतं — दोन आठवडे दिवसरात्रीची रेघ दिसते. पण तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. घाम फुटला असेल आणि सेन्सर "सगळं ठीक" म्हणत असेल, तर बोट टोचून खात्री कर.

काही दिवस मात्र नेहमीच्या हिशोबात बसत नाहीत.

३६. ताप, जुलाब किंवा उलट्या असतील तेव्हा इन्सुलिनवाल्यानं दर तीन-चार तासांनी बघावं, आणि "जेवलोच नाही" म्हणून इन्सुलिन मनानं बंद करू नये — आजारात न जेवताही साखर चढते. गोळ्यांवरच्यानंही दिवसातून दोनदा तरी बघावं आणि डॉक्टरांना फोन करावा.

३७. दम्यासाठी, सांध्यांसाठी किंवा कशासाठीही स्टेरॉइड दिलं, तर पुढचे काही दिवस दुपारची आणि संध्याकाळची साखर बघ — ती बहुतेक तेव्हाच उसळते, सकाळची तेवढी साळसूद राहते आणि तू फसतोस. गुडघ्यात दिलेलं इंजेक्शनही यातच धर.

३८. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र: उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचार, आणि धरलास तर दुपारी आणि संध्याकाळी बघ — आपल्या उपासात दिवसभर काही नाही आणि मग ताटभर साबुदाण्याची खिचडी. साखर आधी पाताळात, मग आभाळात. रोजे धरणाऱ्या तुझ्या मित्रालाही हेच सांग. उपासाला पुण्य असेल, गोळीला समज नसते.

३९. इन्सुलिन किंवा सोळाव्या मंत्रातली गोळी घेत असशील तर लांब गाडी चालवण्याआधी, गड चढण्याआधी, वारीत चालताना मुक्कामाला पोचल्यावर तपास — चालण्यानं उतरलेली साखर कधी कधी रात्री झोपेत आणखी खाली जाते. दारू प्यायलास तर तिचंही तेच. मी ओरडत नाहीये, फक्त सांगतेय.

४०. ७० च्या खाली आकडा आला, किंवा घाम, थरथर, छातीत धडधड, विनाकारण चिडचिड झाली, तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, पंधरा मिनिटांनी परत तपास, तरी खालीच असेल तर पुन्हा पी. सावरलास की काहीतरी खा — साखर उतरलेल्या माणसाला "मला काही झालेलं नाही" असंच वाटत असतं. तपासायला यंत्र जवळ नसेल तर यंत्र शोधू नकोस, साखर शोध. शुद्ध हरपत चालली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. हे तुझ्या बायकोला सांगून ठेव, तुला सांगून त्या वेळी उपयोग नाही.

४१. व्होग्लिबोस किंवा अकारबोस असलेली गोळी चालू असेल तर खिशात साखर नको, ग्लुकोजची पूड ठेव — त्या गोळ्या साध्या साखरेचं पचन अडवतात. नेमक्या गरजेच्या वेळी साखर पोटात जाऊनही रक्तात लवकर पोचत नाही.

४२. घरात कोणी गरोदर असेल तर पहिल्याच तपासणीत साखर बघून घ्या आणि २४ ते २८ व्या आठवड्यात पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, उपाशी असण्याची अट नाही. १४० किंवा वर आली तर उपचार सुरू. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत एकदा — बारशाच्या गडबडीत हीच तपासणी हमखास राहते, आणि त्या आईला पुढे मधुमेह व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

४३. तुझ्या भावंडांना ओढून ने. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर सरकारी उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, फुकट बघतात — साखर वर्षानुवर्षं काही न दुखवता बसलेली असते, आणि "मी धडधाकट आहे" हा काही रिपोर्ट नव्हे.

४४. लंडनच्या ताईचा आकडा ८ ऐकून "वा, काय कमी" म्हणू नकोस. तिकडचा साखरेचा आकडा १८ ने गुणला की आपला येतो — म्हणजे तिची १४४ आहे. आणि तिची एचबीएवनसी ५३ आली तर दचकूही नकोस, ते आपलं ७.

४५. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि पावलं. रक्तदाब मात्र प्रत्येक भेटीत — साखरेकडे बघता बघता साखर जिथे घाव घालते तिकडे बघायचं राहून जातं.

४६. आकडा वाईट आला म्हणून तपासणी पुढे ढकलू नकोस, आणि चांगला आला म्हणून गोळी बंद करू नकोस — बहुतेक वेळा तो गोळीनंच चांगला आलेला असतो.

आता उठ आणि दोन कामं कर. कपाटातली पट्ट्यांची डबी काढून तारीख बघ, मुदत संपली असेल तर नवी आण. आणि मागची एचबीएवनसी कधी झाली ते शोधून त्यात तीन महिने मिळव, तो दिवस कॅलेंडरवर लिही. रिपोर्ट आला की मला पाठव. पूर्ण पाठव, नुसत्या फास्टिंगच्या ओळीचा फोटो काढून नव्हे.